स्विस खेड्याचे शील

स्वित्झर्लंड हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते बहुधा ठरलेले असते. बर्फाने झाकलेली शिखरे, हिरवीगार कुरणे, गळ्यात घंटा बांधलेल्या धष्टपुष्ट गाई, खिडक्यांतून तांबडी फुले डोकावणारी लाकडी घरे व ह्या सर्वांच्या मध्यभागी देवळाचा निमुळता मनोरा. हे चित्र आपल्याकडे दिनदर्शिकांनी आणले, चॉकलेटच्या वेष्टनांनी आणले, योहाना स्पिरी ह्या लेखिकेच्या 'हायडी' ह्या १८८० सालच्या गोष्टीने आणले, आणि पुढे हिंदी चित्रपटांनी तर ते घरोघर नेऊन पोहोचविले. हे चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. चित्रात गाय दिसते. ती गाय कोणाच्या कुरणात चरते, तिच्या सोबत आणखी किती गाई चरू शकतात आणि हा आकडा कोणी ठरविला, हे चित्रात दिसत नाही. आमच्या मते स्विस खेड्याचे खरे वैभव त्याच्या डोंगरांत नसून ह्या न दिसणाऱ्या गोष्टीत आहे. डोंगर त्यांस निसर्गाने दिले. नियम त्यांनी स्वतः केले, व पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच पाळले. आणि त्या खेड्यांत जे काळे डाग आहेत, तेही ह्याच नियमांच्या पोटात दडलेले आहेत. ह्या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडाव्या, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

बोलणे मोघम होऊ नये म्हणून एकच गाव डोळ्यांपुढे ठेवू. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस वाले नावाचा कॅन्टन, म्हणजे प्रांत, आहे. जर्मन भाषेत त्यास वालिस म्हणतात. ऱ्होन नदीचे उगमाकडील खोरे ते हेच. ह्या प्रांतात फिस्प गावाच्या वरच्या बाजूस, डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल नावाचे खेडे वसलेले आहे. वस्ती अवघी पाचशेच्या आसपास. रॉबर्ट नेटिंग नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने ह्या खेड्यात राहून त्याचा बारकाईने अभ्यास केला व १९८१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे कोपऱ्यातले गाव जगभरच्या विद्वानांच्या चर्चेत आले.

ट्योर्बेलची भूमी चित्रातल्यासारखी उदार नाही. आल्प्सचा हा भाग स्वित्झर्लंडातील अत्यंत कोरड्या भागांपैकी आहे. चोहोंकडचे उंच डोंगर ढगांस अडवितात व खोऱ्यात पाऊस थोडाच पोहोचतो. म्हणून येथील लोकांनी हिमनद्यांचे व झऱ्यांचे पाणी डोंगराच्या कडेने पाट खोदून, कड्यावर लाकडी पन्हळी लटकावून, मैलोगणती दूरवरून शेतापर्यंत आणले. उतार इतका की वाहून गेलेली माती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकावी लागे. हिवाळा लांब. राय नावाच्या धान्याची काळसर भाकरी गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्याच वेळा भाजली जाई, आणि मग ती कडक झालेली भाकरी महिनोन्‌महिने पुरवून खावी लागे. धान्याची लाकडी कोठारे खांबांवर उभी असत व प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडाची एक रुंद, वाटोळी चकती बसविलेली असे. उंदीर खांब चढून आला तरी त्या चकतीच्या खालून त्यास पुढे जाता येत नसे. ज्या मुलखात उंदराने खाल्लेल्या मूठभर धान्याचाही हिशेब ठेवावा लागतो, तेथील माणसे स्वभावाने काटेकोर झाली तर नवल ते काय!

ह्या गावात शेते, बागा, द्राक्षांचे मळे व गवताची कुरणे ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता होती. परंतु उंचावरील उन्हाळी कुरण, ज्यास तेथे 'आल्प' म्हणतात, आणि जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट व पायवाटा ही सर्व गावाच्या मालकीची होती. १४८३ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या तारखेस गावकऱ्यांनी एकत्र येऊन ह्या सामाईक कुरणाच्या, जंगलाच्या व पडीक जमिनीच्या व्यवस्थेसाठी एक लेखी करार केला. कोलंबस अमेरिकेस पोहोचण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे १५१७ सालच्या नियमांत एक कलम आले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. ते असे की, ज्याने त्याने हिवाळाभर आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवाव्या; त्याहून एकही अधिक पाठवू नये.

वाचकांनी ह्या नियमातील शहाणपण नीट पाहावे. उन्हाळ्यात कुरणावर गवत मुबलक असते, आणि ते फुकटचे असते. तेव्हा वसंतात स्वस्तात दहा गाई विकत घ्याव्या, सर्वांच्या गवतावर त्यांस पुष्ट कराव्या व शरदात विकून पैसा करावा, असा मोह कोणासही होईल. एकाने असे केले तर दुसरा का करणार नाही? पाच-सात वर्षांत कुरण उजाड होईल आणि सर्वांचीच गुरे मरतील. हा अनर्थ टाळण्यासाठी 'लोभ करू नये' असा उपदेश गावकऱ्यांनी केला नाही. त्यांनी सामाईक गोष्टीचा उपभोग प्रत्येकाच्या स्वतःच्या कष्टांशी बांधून टाकला. हिवाळ्यासाठी ज्याने आपल्या कुरणात गवत राखले, कापले, वाळविले, पाठीवर वाहून आणले व माळ्यावर भरले, त्यासच त्या प्रमाणात उन्हाळ्याच्या कुरणावर हक्क. जो हिवाळ्याचा भार उचलत नाही, त्यास उन्हाळ्याचे फळ नाही. एका वाक्यात इतका न्याय व इतका व्यवहार साठविलेला नियम आम्हांस दुसरा सहसा आढळला नाही.

नियम करणे मात्र सोपे असते, पाळविणे कठीण. ट्योर्बेलकरांनी त्याचीही तजवीज केली. गुरे कुरणावर पोहोचताच त्यांची मोजदाद होई. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त गाई आणणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार गावच्या एका अंमलदारास दिलेला होता, व वसूल झालेल्या दंडाचा अर्धा भाग त्यासच मिळे. त्यामुळे डोळेझाक करण्यात त्याचे हित नव्हते. गुरे बाळगणारे सर्व गावकरी वर्षातून एकदा सभेस जमत, नियमांची चर्चा करीत व अधिकारी निवडीत. गुराखी व चीज करणारे कामकरी हे अधिकारी नेमीत. हिमलोटाने मोडलेले गोठे उभारणे, वाटा दुरुस्त करणे, शेणखत पसरणे ही कामे सर्वांनी मिळून करावयाची. आणि ज्याच्या जितक्या गाई, तितके त्याचे काम अधिक. चीजची वाटणीही गाईंच्याच प्रमाणात. जंगलातील लाकूड तोडण्याआधी अधिकारी झाडांवर खुणा करीत, व कोणती झाडे कोणाच्या वाट्यास यावीत ते चिठ्ठ्या टाकून ठरे. वालिसच्या खेड्यांत पाण्याच्या पाळ्या, गाईंचे हक्क व गावकामाच्या पाळ्या लाकडी काठ्यांवर खाचा पाडून नोंदीत. प्रत्येक कुटुंबाची खूण निराळी. अक्षरशत्रू मनुष्यासही आपला हक्क व आपले कर्तव्य बोटाने चाचपून पाहता येई. हिशेब सर्वांस वाचता येईल असा ठेवणे, ही प्रामाणिकपणाची पहिली पायरी होय.

गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एक निबंध लिहिला व तो फार गाजला. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जातो व शेवटी कुरणाचा नाश होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की, सामाईक वस्तू एक तर सरकारच्या ताब्यात द्यावी, नाहीतर वाटून खाजगी करावी. तिसरा मार्ग नाही. एलिनॉर ऑस्ट्रम ह्या विदुषीने हा समज खोडून काढला. १९९० सालच्या आपल्या ग्रंथात तिने जगातील निरनिराळ्या देशांतील उदाहरणे गोळा केली; जपानची खेडी, स्पेनचे पाट व त्यांच्या सोबतीस आमचे हे ट्योर्बेल. माणसे एकमेकांस ओळखत असतील, आपले नियम आपण करीत असतील, स्वतः देखरेख ठेवीत असतील व चुकणाऱ्यास प्रमाणात दंड करीत असतील, तर सामाईक वस्तू शतकानुशतके टिकते, हे तिने दाखवून दिले. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांनी जे केले, ते समजून घेण्यास विद्वज्जगास विसावे शतक उलटावे लागले.

हे शील एकट्या ट्योर्बेलचे नव्हे. ऊरी प्रांतातील आंडरमाट ह्या खेड्याच्या वर डोंगरावर झाडांचा एक पट्टा आहे. तो हिमलोट अडवितो. १३९७ सालीच त्या जंगलास कुऱ्हाड लावण्याची बंदी लेखी करण्यात आली. थंडीने कुडकुडणाऱ्या मनुष्यास डोळ्यांपुढची झाडे तोडू न देणे हा नियम कठोर वाटेल. परंतु ते जंगल नसते तर गावही राहिले नसते. स्वित्झर्लंडात आजही सुमारे २१०० गावपालिका आहेत, व त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी गावचा जमाखर्च, शाळा, रस्ते व कराचा दर ह्यांविषयीचे निर्णय प्रौढ नागरिकांच्या सभेत हात वर करून होतात. गावचा अध्यक्ष हा बहुधा शेतकरी, सुतार अथवा शिक्षक असतो व आपला धंदा सांभाळून हे काम करतो. आग विझविणारे पथकही गावकऱ्यांचेच. काही प्रांतांत तर निवडून आलेल्या मनुष्यास 'मला हे पद नको' असे म्हणण्याचीही सहजासहजी मुभा नाही. अधिकार हा मान आहे खरा, परंतु त्याआधी तो एक पाळी आहे, अशी तेथील समजूत आहे.

येथवर वाचून वाचकांस वाटेल की आम्ही स्विस खेड्याची आरती ओवाळावयास बसलो आहो. तसे नाही. ज्या कराराने ट्योर्बेलचे कुरण राखले, त्याच करारात हेही लिहिले होते की, परक्या मनुष्याने गावात जमीन विकत घेतली तरी त्यास सामाईक कुरणावर, चराऊ रानावर वा जंगलातील लाकडावर हक्क मिळणार नाही. कुंपण घातल्यावाचून कुरण राखता येत नाही हे खरे. परंतु कुंपण घालण्याची सवय एकदा लागली की माणूस कोठे थांबेल ह्याचा नेम नाही. स्विस मनुष्याच्या पारपत्रावर आजही त्याचे जन्मस्थान नसते. त्याच्या पूर्वजांचे मूळ गाव असते, मग त्याने ते गाव जन्मात पाहिलेले नसो. ह्या मूळ गावावरच पूर्वी त्याच्या दारिद्र्याचा भार असे. तो कंगाल झाला तर त्यास त्याच्या मूळ गावी परत पाठवीत. ऐकावयास ही व्यवस्था दयेची वाटते. ती कशी राबविली गेली, ते पुढे पाहावे.

गावावर भार नको म्हणून अनाथ व गरिबांची मुले शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्याची चाल होती. कित्येक गावी त्यांचा उघड लिलाव होई. आणि तो उलटा लिलाव असे. जो शेतकरी मूल पोसण्यासाठी गावाकडे सर्वांत कमी पैसे मागे, त्याच्या पदरात मूल पडे. अशा मुलांच्या वाट्यास गोठ्यातील झोप, पहाटेपासूनचे कष्ट, मार व शाळेपासून ताटातूट आली. ही रीत एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली नाही. तिचे अवशेष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. २०१३ सालच्या एप्रिल महिन्यात स्विस सरकारच्या न्यायमंत्री सिमोनेटा सोमारुगा ह्यांनी ह्या पीडितांची जाहीर क्षमा मागितली, व २०१७ साली अमलात आलेल्या कायद्याने प्रत्येक हयात पीडितास २५,००० फ्रँक देण्याचे ठरले. तोपर्यंत ती मुले वृद्ध झाली होती व पुष्कळशी हे जग सोडून गेली होती. ज्या गावाने एकेका गाईची मोजदाद चोख ठेवली, त्याच तऱ्हेच्या गावांनी आपल्यांतीलच एका लेकराचे मोल असे करावे, ही गोष्ट मनास चटका लावून जाते. चोख हिशेब हा गुण आहे. परंतु दयेवाचूनचा चोख हिशेब केवढा निर्दय होऊ शकतो, हे ह्यावरून कळते.

स्त्रियांची कथाही अशीच. ग्रामसभेत हात वर करून मत देणारे जे नागरिक, ते शतकानुशतके केवळ पुरुषच होते. सर्व स्वित्झर्लंडात स्त्रियांस राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळाला तो १९७१ साली. आणि आपेंत्सेल-इनरऱ्होडन ह्या लहान प्रांतातील पुरुषांनी तर गावकीच्या बाबतीत १९९० सालापर्यंत नकार दिला, तेव्हा न्यायालयास हुकूम करावा लागला. आपल्या देशातील स्त्रिया १९५१-५२ सालच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मत देऊन आल्या होत्या, हे येथे विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. परंतु न्यायाची पहिली ठिणगीही खेड्यातच पडली, हेही सांगितले पाहिजे. वालिसमधीलच उंटरबेख ह्या छोट्या गावाने १९५७ सालच्या मार्चमध्ये, कायद्याची परवानगी नसताना, आपल्या स्त्रियांस राष्ट्रीय मतदानात भाग घेऊ दिला. नागरी संरक्षणाची सक्ती स्त्रियांवरही करावी की नाही, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. आणि ज्यांच्यावर सक्ती व्हावयाची त्यांचेच मत का घेऊ नये, असा गावाचा सरळ विचार होता. काताऱ्हिना झेनहॉयझर्न ही देशातील राष्ट्रीय मतदानाची चिठ्ठी टाकणारी पहिली स्त्री ठरली. त्या चिठ्ठ्या निराळ्या पेटीत घातल्या गेल्या व मोजल्या गेल्या नाहीत. तरीपण एका खेड्याने सगळ्या देशास आरसा दाखविला.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आमचे मत स्पष्ट होईल. खेडे लहान असते म्हणून ते आपोआप चांगले नसते, व जुने असते म्हणून आपोआप वाईटही नसते. जेथे सर्व जण एकमेकांस ओळखतात, तेथे चोरी लपत नाही. पण तेथेच निराळ्या मनुष्यास तोंड लपविण्यासही जागा उरत नाही. लहान वस्तीत गुण व दोष एकाच मुळातून उगवतात. ते मूळ म्हणजे 'आपण' हा शब्द. 'आपण' ह्या शब्दात कोण येतो व कोण वगळला जातो, ह्यावर त्या गावचे शील अवलंबून राहते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. कारण आज ह्या खेड्यांपुढे संकट आहे, आणि ते दुष्काळाचे वा शत्रूचे नाही. डोंगरातील शेती पुरी पडेना, तेव्हा पूर्वी माणसे देशांतरास गेली. ग्लारुस प्रांतातील गरीब कुटुंबांनी १८४५ साली अमेरिकेत जाऊन 'न्यू ग्लारुस' नावाचे गाव वसविले. पुढे खोऱ्यांत कारखाने निघाले. लोत्शेन खोऱ्यातून उतरणाऱ्या लोंत्सा नदीच्या पाण्यावर वीज करून १८९७ साली त्याच नदीच्या नावाचा एक कारखाना सुरू झाला. तोच पुढे फिस्प येथे वाढला, आणि आज तेथे रसायने व औषधे तयार होतात. ट्योर्बेलसारख्या गावचे पुरुष दिवसा कारखान्यात व सकाळसंध्याकाळ गोठ्यात अशी दुहेरी कामे करू लागले. पिवळी टपाल-बस वळणावळणाच्या रस्त्याने अगदी वरच्या गावापर्यंत पोहोचली. परंतु जी बस माणसास वर आणते तीच त्यास खालीही नेते. तरुण मंडळी शहरांत गेली. तिसीनो प्रांतातील कोरिप्पो गावात जेमतेम डझनभर माणसे उरली, व २०२० साली त्याची स्वतंत्र पालिका मोठ्या पालिकेत विलीन झाली. वालिसमधील आल्बिनेन नावाच्या गावात, जेथून शेजारच्या गावी जाण्यास शतकानुशतके कड्यावर टेकविलेल्या शिड्याच होत्या, २०१७ सालच्या नोव्हेंबरात ग्रामसभेने असा ठराव केला की, जे तरुण कुटुंब येथे घर करून दहा वर्षे राहील त्यास दर प्रौढ माणशी २५,००० व दर मुलामागे १०,००० फ्रँक द्यावे.

हे आकडे वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. ज्या साली देशाने लिलाव झालेल्या मुलांस २५,००० फ्रँक भरपाई देण्याचा कायदा अमलात आणला, त्याच साली एका डोंगरी गावाने नव्या माणसास तितक्याच रकमेचे आमंत्रण दिले. पैसे देणारे निराळे, घेणारे निराळे, व दोन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंधही नाही. तरी त्यातून एक बोध निघतो. एकेकाळी मूल हा गावावर भार वाटे; आज मुलावाचून शाळा बंद पडते व शाळेवाचून गाव. परक्यास ज्यांनी वेशीवर अडविले, त्यांच्याच वंशजांवर आज परक्यास वेशीपर्यंत जाऊन बोलावण्याची पाळी आली आहे. माणूस हीच गावाची खरी संपत्ती, हे ज्ञान फार उशिराने व फार महागात पडले.

आणि तरीही ह्या खेड्यांतील जुने शील मेलेले नाही. त्याचा प्रत्यय नुकताच जगाने पाहिला. लोत्शेन खोऱ्यातील ब्लाटेन हे सुमारे तीनशे वस्तीचे गाव. २०२५ सालच्या मे महिन्यात गावाच्या वरच्या शिखरावरून दगड सुटून बिर्च हिमनदीवर पडू लागले व तिचा भार वाढू लागला. देखरेख ठेवणाऱ्यांनी धोका ओळखला. १९ मे रोजी सर्व गावकऱ्यांस घरे सोडण्याचा हुकूम झाला, व त्यांनी ती सोडली. गुरेही हलविली गेली. नऊ दिवसांनी, २८ मे रोजी, हिमनदी कोसळली आणि शतकानुशतकांचे ते गाव चिखल, बर्फ व दगड ह्यांखाली गडप झाले; जी थोडी घरे वाचली त्यांत तुंबलेल्या लोंत्सा नदीचे पाणी शिरले. एका मनुष्याचा बळी गेला, ही दुःखाची गोष्ट. परंतु उरलेले सर्व गाव जिवंत राहिले. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, नऊ दिवस डोळ्यांपुढे सुरक्षित उभे दिसत असताना, केवळ सावधगिरीच्या सूचनेवर विश्वासून त्यापासून दूर राहणे सोपे नव्हे. ज्या लोकांस नियम हा आपलाच वाटतो, त्यांसच हे साधते. गाव पुन्हा उभारण्याचा निश्चय त्या लोकांनी लगोलग केला. घरे गेली, पण एकत्र निर्णय करण्याची सवय दगडांखाली गेली नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, हे सर्व थंड मुलखातील श्रीमंत लोकांचे कौतुक. आम्हांस त्याचे काय? त्यास आमचे उत्तर असे की, १४८३ साली ट्योर्बेलचे लोक श्रीमंत नव्हते. काळी, शिळी भाकरी खाणारे गरीब शेतकरी होते. नियम करण्यास त्यांस धनाची गरज पडली नाही. आणि ही विद्या आपल्या मातीस अपरिचित होती असेही नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर बंधारे घालून, शेतीचे फड पाडून, कोणत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे गावाने मिळून ठरविण्याची व पाटकऱ्याच्या हातून पाणी वाटण्याची 'फड' पद्धत कित्येक शतके चालत आली. आता ती पुष्कळ क्षीण झाली आहे. तेव्हा परदेशाचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर आपल्या घरातील विसरलेली वस्तू ओळखता यावी म्हणून ट्योर्बेलकडे पाहावयाचे.

पालकांस आमची विनंती अशी आहे की, मुलांस केवळ 'आपले ते सांभाळ' एवढेच शिकवू नये. 'सर्वांचे ते सांभाळ' हेही शिकवावे. आपल्याकडे घर झाडून केर रस्त्यावर लोटणारी माणसे घरात अत्यंत नीटनेटकी असतात. त्यांच्या ठायी स्वच्छतेची आवड असते, परंतु रस्त्याविषयी 'आपला' हा भाव नसतो. हा भाव उपदेशाने येत नाही. मोजदाद, पाळी व जबाबदारी ह्यांनी येतो. ज्या मुलास घरी एखादे सर्वांचे काम नेमून दिलेले आहे, व ते न केल्यास त्याचा जाब द्यावा लागतो, ते मूल पुढे गावचेही काम करील.

आणि विद्यार्थिमित्रहो, सुटीत तुम्ही आपापल्या गावी अथवा आजोळी जाल, तेव्हा तेथील एखाद्या सामाईक वस्तूकडे लक्ष द्या. ती गायरान असेल, विहीर असेल, पाट असेल, वाचनालय असेल वा देवळापुढचे पटांगण असेल. तिच्याविषयी गावातील वडील मंडळींस चार प्रश्न विचारा. हिचा उपयोग कोण करतो? त्याची मोजदाद कोण ठेवतो? मोडतोड झाली तर दुरुस्त कोण करतो? आणि हिच्यापासून कोणास दूर ठेवले आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चोख मिळाली तर ते गाव शहाणे आहे असे समजा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणासही नाही' असे प्रामाणिकपणे मिळाले, तर ते गाव चांगलेही आहे असे समजा. शहाणपण व चांगुलपणा ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदविणे हे स्विस खेड्यांस पाचशे वर्षांत पुरतेपणी साधले नाही. ते काम अजून शिल्लक आहे, आणि ते करण्यास बर्फाच्या डोंगरांची मुळीच गरज नाही.